यंत्र आपले, कुलूप कंपनीचे

कापसाचा हंगाम संपला की वऱ्हाडात जुन्या रेच्यांचे सौदे होतात. अकोल्याच्या जिनातला रेचा अमरावतीला येतो, फिटर त्याचा चामड्याचा रूळ बदलतो, सुऱ्या घासतो, आणि रेचा पुन्हा सरकी वेगळी करू लागतो. मूळ कारखानदाराला विचारावे असे कुणाच्या मनातही येत नाही. आमचे आयुष्य अशा फिटरांची संघटना बांधण्यात गेले; म्हणून रक्त तपासण्याच्या यंत्रालाही हाच न्याय असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

राजापेठेतल्या एका लहान प्रयोगशाळेने असे जुने यंत्र रीतसर पावती घेऊन विकत घेतले. दिवा लागला, पंप फिरला, आणि पडद्याने परवलीचा शब्द मागितला. कंपनीचे उत्तर आले : सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्या मालकाच्या नावे आहे, तो तुमच्या नावे होत नाही, नवा घ्या; शिवाय आमचा माणूस यंत्र तपासून दाखला देईल, त्याचे शुल्क निराळे. दोन्ही आकड्यांची बेरीज यंत्राच्या किमतीपुढे गेली. "भाऊ, लोखंड तेवढं आपलं झालं," मालक आम्हांला म्हणाले.

पूर्वी असे नव्हते. 1950-60 च्या सुमारास टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपसोबत येणाऱ्या पुस्तकात आतल्या सबंध मंडलाचा नकाशा छापलेला असे. आता दुरुस्तीची पुस्तिका बाहेरच्यास मिळत नाही, सुटा भाग मिळत नाही, आणि काही यंत्रे तर रसायनाच्या बाटलीवरची खूण वाचून परकी बाटली नाकारतात. या साऱ्याचा भार शेवटी तपासणीच्या दरावर, म्हणजे रुग्णाच्या खिशावर पडतो.

कायदा काय म्हणतो? 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे घेणाऱ्यास वस्तूचा निर्वेध ताबा मिळाला पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली लेक्समार्क कंपनीच्या शाईच्या डब्यांच्या खटल्यात सांगितले, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने 2014 साली सुटे भाग व दुरुस्तीची माहिती अडवून ठेवल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपये दंड केला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. परंतु सॉफ्टवेअर 'विकले' जात नाही, वापरू दिले जाते, आणि नेमक्या या फटीत कुलूप बसले आहे. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारी आल्या. प्रयोगशाळेची यंत्रे आली नाहीत.

कंपन्यांचे एक म्हणणे खोटे नाही : अडाणी हाताने दुरुस्त केलेले यंत्र साखरेचा आकडा चुकीचा दाखवील आणि रोगी दगावेल. पण दुरुस्ती बरोबर झाली की नाही, हे ज्ञात प्रमाणाचे द्रावण तपासून कळते. दुरुस्त करणाऱ्याच्या बिल्ल्यावरून कळत नाही. कंपनीचा बिल्ला लावलेलेही चुकतात.

आणि हा बिल्ला उतरवणाऱ्याचे काय? नोकरी सोडल्यावर हे काम करणार नाही, असे तरुण तंत्रज्ञांकडून लिहून घेतलेले आम्ही पाहिले आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 धंद्याला असा मज्जाव करणारा करार निरर्थक ठरवते. व्यापारी गुपित जरूर राखावे. हातातली कला मात्र त्याची स्वतःची आहे. पण कलम पाठ असले तरी परवलीचा शब्द नसेल तर तो काय करणार?

जुने यंत्र घेणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी परवाना कोणाच्या नावे आहे, तो आपल्या नावे होईल काय, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. राजापेठेतले ते यंत्र अजून कापडाखाली झाकलेले आहे. त्याचा दिवा चांगला होता. तेवढा काढून दुसऱ्या यंत्राला बसवला.