तहसीलदारांपुढे जिंकलेला दावा

शेताच्या वादात तहसीलदारांनी आपल्या बाजूने आदेश दिला आणि प्रांतांनी तो कायम केला, की माणूस ‘कोर्टात जिंकलो’ म्हणून गावात पेढे वाटतो. मग एके दिवशी बेलिफ दारात समन्स घेऊन उभा राहतो. भावकीतल्या समोरच्याने दिवाणी दावा लावलेला असतो. निकाली निघालेली केस परत कशी उघडली, हे याला कळत नाही. खरं तर केस परत उघडलेली नसते. ती आता पहिल्यांदाच कोर्टात आलेली असते.

तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि शेवटी मंत्रालयात महसूलमंत्री, ही सगळी महसूल खात्याची उतरंड. तिथे तारखा पडतात, वकील उभे राहतात, आदेशाच्या नकला मिळतात. त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण फेरफार मंजूर करणं म्हणजे सरकारी दप्तरात नोंद घेणं. जमीन महसूल अधिनियमानुसार सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच. मालकी कोणाची, वाटणी कशी व्हायची, खरेदीखत खोटं आहे का, हे दिवाणी न्यायालय ठरवतं, आणि त्याचा हुकूमनामा आला की नोंद त्याप्रमाणे बदलावी लागते. सातबाऱ्यासाठी दहा वर्षं मंत्रालयाच्या खेपा घालणारे आणि दिवाणी दाव्याची मुदत घालवून बसणारे लोक पाहिले, की या एका गैरसमजाने किती घरं खाल्ली याचा अंदाज येतो.

मात्र ‘तहसीलदाराला काहीच अधिकार नाही’ असं म्हणणंही तितकंच चूक. कोणी वहिवाटीचा रस्ता अडवला, तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद तहसीलदारांकडेच मागायची, तीही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे. त्यावरचा आदेश पटला नाही, तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. आणि कूळकायद्यात तर गाडी उलटी फिरते. अमुक माणूस कूळ आहे की नाही, हा प्रश्न दिवाणी कोर्टात निघाला तरी न्यायाधीशांना तो तहसीलदारांकडे पाठवावा लागतो.

आता खरं कोर्ट. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी बोर्ड वाचायला उभं राहिलं, की एकाच न्यायाधीशांच्या नावाखाली दोन पदं दिसतात : दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. माणूस एकच, काम दोन प्रकारचं. मारामारीतल्या आरोपीच्या नावाचा पुकारा होतो आणि थोड्या वेळाने त्याच खुर्चीपुढे विहिरीच्या पाण्याच्या दाव्यात उलटतपास सुरू होतो. दंडाधिकारी म्हणून त्यांना तीन वर्षांपर्यंतची कैद देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंतची. जिल्हा व सत्र न्यायाधीश फाशीही सुनावू शकतात, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. ‘खालच्या कोर्टाने फाशी दिली’ या बातमीत हे अर्धं वाक्य बहुधा गाळलेलं असतं.

दिवाणी बाजूला कनिष्ठ स्तराकडे पाच लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि त्यापुढचे वरिष्ठ स्तराकडे. हे ऐकून लोक विचारतात, ‘आमची जमीन तर कोटीची, मग दावा इथे कसा?’ दाव्याची किंमत बाजारभावाने धरतातच असं नाही. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात ती सारा-आकारणीच्या पटीत काढतात, आणि आकारणी तर काही रुपयांची असते.

जिल्हा न्यायाधीश जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली असतात, हा समज शिकलेल्या माणसांतही आहे. तसं मुळीच नाही. राज्यघटनेच्या कलम 235 ने जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. तालुक्याच्या न्यायाधीशांची परीक्षा एमपीएससी घेते, पण पुढे बदली, बढती, चौकशी या गोष्टी उच्च न्यायालय पाहतं. न्यायाधीशांची बदली व्हावी म्हणून आमदारांना निवेदन देणं त्यामुळेच व्यर्थ.

खुद्द उच्च न्यायालयाबद्दलही गोंधळ कमी नाही. मुंबई उच्च न्यायालय 1862 साली स्थापन झालं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी इथली त्याची खंडपीठं म्हणजे स्वतंत्र उच्च न्यायालयं नव्हेत. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सुरू झालेलं सर्किट बेंच हेही त्याच न्यायालयाचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईची खेप त्याने वाचवली. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवसुद्धा याच उच्च न्यायालयाखाली येतात.

सर्वांत महागात पडणारी समजूत मात्र अपिलाची. ‘वर जाऊ, तिथे सगळं नव्याने सांगू.’ वर नव्याने काही सांगायचं नसतं. खाली जो साक्षीपुरावा झाला, त्याच कागदांवर युक्तिवाद होतो. नवा पुरावा अपवादानेच घेतात. हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात, उच्च न्यायालयात करायला 90. दुसरं अपील तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दाखल करून घेतात. नुसतं अपील दाखल केलं म्हणून खालचा निकाल थांबतही नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार नीट तपासला गेला नाही, तर दिल्लीचा नामांकित वकीलही फारसं काही करू शकत नाही. माझं मत विचाराल तर पैसा आणि लक्ष पहिल्याच कोर्टात घालावं.

उलट बाजूने, दावा जिंकला म्हणजे ताबा मिळाला असंही नाही. हरलेला माणूस आपण होऊन देणार नसेल, तर त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त दाखल करावी लागते. तिची मुदत सर्वसाधारणपणे बारा वर्षांची, आणि हुकूमनामा कपाटात ठेवून ती घालवणारेही आहेत.

लोकअदालतीला ‘छोटं कोर्ट’ समजून तिथे सही करणाऱ्यांनी जरा थांबावं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला तडजोडीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, आणि त्यावर अपील नाही. चालू दावा तिथे मिटला तर कोर्ट फी परत मिळते, हा फायदा खरा. पण मजकूर वाचल्याशिवाय सही नको.

याच कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. मोफत वकील फक्त गरिबाला मिळतो असं लोक धरून चालतात. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता तो मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दोन्हींची कार्यालयं न्यायालयाच्याच आवारात असतात. तिथे जाणं जमत नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा.