वळणावरचा बैल

लावणीची गडबड सरली की रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर, चिपळूणकडच्या गावांतून नांगरणी स्पर्धांचे फलक लागतात. चिखळलेल्या मळ्यात एकेक जोत उतरतं, निशाणाला वळसा घालून परत येतं. घड्याळावर सेकंद मोजले जातात. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही बांधावर उभी राहून ओरडतात. बैल कुणाच्या गोठ्यातला, हे तिथे कोणी विचारत नाही.

पाहणाऱ्याला वाटतं, जो जोरात पळेल तो जिंकेल. पण खरी कसोटी वळणावर असते. त्याचं गणित सोपं आहे. जू खांद्यावर घेतलेल्या दोन बैलांत साधारण एक मीटर अंतर धरू. जोत अर्धा वळसा घेतं तेव्हा बाहेरच्या बैलाला आतल्यापेक्षा तीन मीटरहून थोडं जास्त चालावं लागतं. गंमत अशी की वळण मोठं घ्या वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. लहान वळणात मात्र तो मोजक्या पावलांत भरून काढावा लागतो. म्हणून आतला बैल दबणारा आणि बाहेरचा झेपावणारा हवा. खळ्यावर मळणीच्या वेळी तिवड्याजवळ म्हातारा, संथ बैल आणि कडेला तरणा बैल जुंपत, त्यामागेही हाच हिशेब होता.

आता सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सव्हिल इथे १९४७पासून मोटारींच्या शर्यती होतात. धावपट्टी लंबगोल, एक फेरी जेमतेम साडेआठशे मीटरची. या मोटारींना ‘स्टॉक कार’ म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातला माल; मुळात ही तुमच्या-आमच्यासारख्यांनी विकत घेतलेली साधी गाडी. दक्षिणेकडच्या राज्यांत चोरटी दारू रात्री पोहोचवणारे लोक इंजिनं सुधारून घेत आणि त्यांच्यातलेच काही शर्यतीतही उतरत. १९४८मध्ये ‘नॅसकार’ ही संस्था निघाली आणि या खेळाला शिस्त आली.

तिथेही सरळ पट्टी लहान, त्यामुळे निकाल वळणावर लागतो. उशिरा ब्रेक दाबला तर गाडी बाहेर फेकली जाते, लवकर दाबला तर मागचा आत घुसतो. गाड्या सदैव डावीकडे वळतात, म्हणून अशा लहान धावपट्ट्यांवर उजवीकडचे टायर किंचित मोठ्या घेराचे लावण्याची युक्ती निघाली. बाहेरच्या बाजूला जास्त अंतर कापायचं असतं ना! आपला तरणा बैल तो हाच.

पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आजची स्टॉक कार दुकानात मिळत नाही. ती शर्यतीसाठीच बांधली जाते. रोजच्या गाडीशी तिचं नातं उरलंय ते वरवरच्या रूपापुरतं. आपल्याकडेही तेच होऊ घातलं आहे. नांगरणीच्या स्पर्धेत ‘घाटी’ आणि ‘गावठी’ असे गट असतात. घाटी बैल उंच, वेगवान, अनेकदा केवळ स्पर्धेसाठी पोसलेला. गावठी बैल बुटका, काटक, कोकणच्या पावसात आणि डोंगरउतारावर टिकणारा. इथल्या देशी गुरांना ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. पण पॉवर टिलर आला आणि गोठे रिकामे होऊ लागले.

कायद्याचा प्रवासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. गाडा असो की नांगर, मुक्या जिवाला हा नियम सारखाच लागू पडायला हवा. मोटार तापली तर उभी करता येते. बैल मात्र धापा टाकत असला तरी मालकाच्या शब्दाखातर पळतो.

म्हणून माझं आयोजकांना एवढंच सांगणं आहे : गावठी गटाचं बक्षीस घाटी गटापेक्षा कमी ठेवू नका. मोठं बक्षीस ज्याला, तोच बैल उद्या गोठ्यात राहील. शेतात राबणारी जोडी संपली, तर मळ्यात जे पळेल ते नुसतं पळणं असेल. नांगरणी हा शब्द तेवढा फलकावर उरेल.