अर्ध्या राहिलेल्या ओव्या

केळघर घाट उतरून मेढ्यात आलेली एसटी पुढं वेण्णेच्या सोबतीनं साताऱ्याकडे निघते. कण्हेर धरणाचं पाणी मागं पडलं की सातारा जवळ आलं म्हणायचं. याच साताऱ्यात १९१७ साली एक कवी बिऱ्हाड घेऊन आला. वय पंचावन्नच्या पुढं, मिशनची नोकरी सोडलेली, जवळ पैसा नाही, आणि मनात एक नवी मंडळी उभी करायची ओढ. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यांचं नाव. त्यांनी इथं 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका बंधुत्वात बसतील, अशी ती कल्पना. मेढ्याच्या लोकांना रोजच्या असलेल्या गावात शंभर वर्षांपूर्वी असा दरबार भरत होता, हे आज फारसं कुणाच्या गावी नाही.

दोन वर्षं झाली नाहीत तोच टिळक आजारी पडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते गेले. आपल्या देहाचं दफन न करता दहन करावं, ही त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती मंडळींना त्या काळी ती नवलाची वाटणारच होती, पण ती पाळली गेली.

त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. मागं राहिली ती त्यांनी ख्रिस्ताकडे आणलेली माणसं, आणि त्या माणसांचं दुःख.

हे दुःख जरा वेगळं असतं. आपल्याकडे मरणाचा सगळा व्यवहार रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांनी बांधलेला आहे. सुतक कुणाला, किती दिवस, दहावं-तेरावं कुणी करायचं, हे ठरलेलं. ख्रिस्ती घरांतही दफनविधीला पुढच्या बाकावर घरचेच बसतात. मित्राला जागा नसते. आणि ज्या मित्रानं एखाद्याला विश्वासात आणलं, त्याच्या जाण्यानं नेमकं काय गेलं हे तर जवळच्या माणसांनाही सांगता येत नाही. 'साक्ष' हा मराठी ख्रिस्ती मंडळींतला रोजचा शब्द. आपण विश्वासात कसे आलो ते मंडळीपुढं सांगायचं, ती साक्ष. त्या साक्षीत या मित्राचं नाव हमखास येतं. विश्वासात येण्याआधीचा माणूसही त्यानं पाहिलेला असतो आणि नंतरचाही. तो गेला की दोन्ही पाहिलेला एकमेव माणूस जातो.

मेढ्याच्या या जावळी तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला कामासाठी जात आली, माथाडीत राबत आली. समजा, तिथं खोलीवर राहणाऱ्या एखाद्याला सोबतच्या मित्राकडून शुभवर्तमान कळलं, घरसभेत तो बसू लागला, पुढं बाप्तिस्मा घेतला. सुटीत तो गावी येतो तेव्हा त्या मित्राचं नाव घरात काढायची चोरी असते. घरच्यांच्या लेखी तोच आपल्या पोराला लांब घेऊन गेलेला. अशात त्या मित्राच्या जाण्याचा निरोप फोनवर आला, तर हा रडणार कुणापुढं? आई विचारते, "कोण गेलं रे?" तो म्हणतो, "कामावरचा एक जण." एवढ्यावरच सगळं मिटवावं लागतं.

विश्वासात आलेल्याचं दुःख आणि मागं राहिलेल्या घरच्यांचं दुःख, या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात भोगलेली बाई महाराष्ट्रात होऊन गेली आणि तिनं ते सगळं लिहून ठेवलं, हे मराठीचं भाग्य आहे. ती म्हणजे टिळकांची पत्नी, लक्ष्मीबाई.

आधी टिळकांचीच गोष्ट. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. गोऱ्या साहेबाच्या डब्यात बसायचं म्हणजे तुसडेपणा गिळायची तयारी ठेवायची, असा तो काळ. हा मात्र अदबीनं वागला. बोलणं कवितेवरून निघालं आणि ख्रिस्तावर आलं. उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून ठेवलं. टिळकांनी नाव विचारलं नाही, पत्ता घेतला नाही. पुस्तक आवडो न आवडो, वाचून पुरं करायचं आणि पेन्सिलीनं खुणा करत जायचं, एवढं ठरवलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाट दाखवणारा माणूस काही तासांचा सोबती. त्याचा शोक करायचा तर कुणाचा म्हणून करायचा, हेही टिळकांपाशी नव्हतं.

त्या बाप्तिस्म्यानं लक्ष्मीबाईंच्या घरावर मात्र मरण आल्यासारखं झालं. जलालपूरच्या गोखल्यांची ही लेक, अतिसोवळ्या बापाच्या घरात वाढलेली. नवरा जिवंत, पण धर्मानं गेलेला. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू, म्हणजे देवदत्त. त्या नातलगांच्या आधारानं नाशिक-पंढरपूरकडे राहिल्या. टिळक तिकडे नगरला. ताटातुटीची ती वर्षं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात लिहिली आहेत, ती वाचताना डोळे भरून येतात आणि त्याच पानावर हसूही फुटतं. त्यांची स्वतःची कविता याच दुःखात उमटू लागली. कुंकू पुसलेलं नाही, म्हणून रडायला रीत नाही, आणि न रडावं तर उरात मावत नाही. गावाकडच्या त्या आईला मुंबईच्या पोराबद्दल जे वाटत असेल, ते इथं आहे.

टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढं लक्ष्मीबाई नगरकडे आल्या तरी सोवळं सुटलेलं नव्हतं. मग जातीचा विचार डोक्यात घुमू लागला. ही जात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं उत्तर मनात पक्कं झालं तशी त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. १९०० साली राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रवचन ऐकून किंवा नवऱ्याच्या धाकानं त्या आल्या नाहीत. पाच वर्षं थांबलेल्या माणसाच्या मागोमाग आपल्या पायांनी चालत आल्या. असा वाटाड्या मिळणं दुर्मीळ, आणि म्हणूनच तो गेल्यावरची पोकळी मोठी.

१९१८-१९ चं ते वर्ष या घराला फार कठीण गेलं. टिळकांच्या घरी मुलासारखे राहिलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. ठोमरे ख्रिस्ती झाले नव्हते आणि त्यावाचून त्या घरात त्यांचं काही अडलंही नव्हतं. त्यांच्यानंतर वर्षभरानं टिळक.

शोक करणाऱ्या विश्वासणाऱ्याला हटकून ऐकवलं जातं, "रडू नका, ते प्रभूकडे गेलेत." सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण हे वाक्य रडणाऱ्याचं तोंड बंद करतं. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करू नका असं सांगितलेलं नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका असं सांगितलं आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात मित्र लाजर गेला तेव्हा स्वतः येशू रडला. थोड्याच वेळात लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला, हे विसरू नये.

चौथ्या शतकातल्या ऑगस्टीनचा अनुभव याच जातीचा. उत्तर आफ्रिकेतल्या त्याच्या गावचा जिवलग मित्र तापानं बेशुद्ध होता, त्या अवस्थेत त्याला बाप्तिस्मा दिला गेला. मित्र शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीननं त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. मित्रानं त्याला तिथंच झिडकारलं, आणि काही दिवसांत तो मित्र गेला. ऑगस्टीनला गाव खायला उठलं, तो कार्थेजला निघून गेला. पुढं ३८७ साली त्यानं स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त हे सगळं लिहिलं. मित्राचं नाव मात्र त्यानं दिलेलं नाही.

लक्ष्मीबाईंचं लिहिणंही असंच उशिरा आलं. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी त्यानं आईला आठवणी लिहायला लावलं. त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. पहिला भाग १९३४ चा. त्यात टिळकांना देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. त्यांचा तापटपणा, हातात आलेला पैसा घरी न पोचणं, विसरभोळेपणा, सगळं आहे. ज्यानं आपल्याला देवाकडे आणलं त्याला त्याच्या खोडींसकट आठवणं, यापेक्षा खरा दुखवटा दुसरा नसावा.

आणि दुसरं काम होतं 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत गायचं म्हणून टिळकांनी ते १९०९ साली हाती घेतलं होतं. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढची ओवी उचलली. साठाच्या वर अध्याय त्यांनी लिहिले. टिळकांची भाषा संस्कृत पचवलेली, लक्ष्मीबाईंची घरातली, जात्यावरची. जोड कुठं दिली आहे ते वाचणाऱ्याला कळतं, आणि कळावंच. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या 'मुक्ती' या आश्रमातही हेच घडलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेलं बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर आलं. रमाबाईंनी जिला आसरा दिला, अक्षर शिकवलं, प्रभूची ओळख करून दिली, अशी एखादी बाई तिथं खिळे जुळवत असेल तर तिचा शोक त्या कामातच चालला होता.

म्हणून घरात, शेजारी, कामावर असा कुणी मित्राला मुकलेला असेल, तर धर्माचा वाद जरा बाजूला ठेवून त्याला एवढंच विचारावं, "तुमची गाठ कुठं पडली होती?" आगगाडीच्या डब्यातली असो की मुंबईतल्या खोलीवरची, ती गोष्ट सांगायला त्याला कुणीतरी हवं असतं. घाई न करता ती पुरी ऐकून घ्यावी.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला गेल्या, तेव्हाही 'ख्रिस्तायन' पुरं व्हायचं होतं. शेवटचा, शहात्तरावा अध्याय देवदत्तनं लिहिला आणि १९३८ साली पुस्तक छापून आलं.