पाणी कुठवर येईल, हे सांगावं का?

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. सहा किलोमीटरांहून लांब मातीचा भराव, १९६८ सालचा. त्याच नदीवर वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, येलदरी. येलदरीत पाणी साठतं, वीज करून खाली सुटतं, सिद्धेश्वरात अडतं आणि कालव्यांनी वसमत-परभणी-नांदेडकडच्या शिवारात पोचतं. येलदरीची साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरची सुमारे २५०. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. भरलेल्या येलदरीच्या भिंतीमागे त्र्याण्णव कोटी टन पाणी शांत उभं असतं.

हे पाणी एकाएकी मोकळं झालं तर कुठे जाईल, याचं गणित करता येतं आणि ते थक्क करणारं आहे. आधी धरण फुटल्याचं गृहीत धरतात. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं किंवा आतून माती धुपली, तर खिंडार किती रुंद होईल आणि किती वेळात, याचे अंदाज जगभरात पूर्वी फुटलेल्या धरणांच्या नोंदींवरून बांधले आहेत. मग खालच्या नदीचे लहान लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात किती पाणी आलं, किती गेलं, उताराने किती जोर दिला, तळाने आणि झाडाझुडपांनी किती रोखलं, हे क्षणाक्षणाला मांडत जायचं. यामागची समीकरणं सँ-व्हेनाँ या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये मांडली. शेवटी प्रत्येक गावापुढे तीन आकडे उरतात: पाणी किती वेळात येईल, किती उंच चढेल, किती वेगाने धावेल. लाट खाली सरकते तशी दोन्ही काठांच्या शिवारात पसरून बसकी होत जाते, म्हणून धरणाच्या पायथ्याशी जो लोंढा मिनिटांचा, तोच दूरच्या गावाला तासांची उसंत देतो. त्या उसंतीचा आकडा कुणीतरी आधीच काढून ठेवू शकतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हे आकडे नकाशावर मांडले, की बुडणाऱ्या क्षेत्राचा नकाशा तयार होतो. तो सगळ्यांना दाखवावा का?

न दाखवणाऱ्यांची भीती खोटी नाही. मे १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणं बॉम्बने फोडली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. कुठे घाव घातला तर सर्वांत जास्त नाश होईल, हे सांगणारा कागद शत्रूच्याही उपयोगाचा. म्हणूनच ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने धरणांची बरीच माहिती आत ओढून घेतली. आपल्याकडेही गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतल्या नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी गोपनीय मानली जाते, कारण त्या नद्या सरहद्दी ओलांडतात. पूर्णा गोदावरीला मिळते, म्हणून तिच्यावर तो पडदा नाही. मराठवाड्याच्या नदीचं पाणी मोजलेलं सांगता येतं आणि सिक्कीमच्या तिस्तेचं नाही, हे एकाच देशात घडतं.

पण आता या माहितीला कुलूप लावून उपयोग किती? फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. त्यात औंढ्याचं माळरानही आलं. ती आकडेवारी आज कुणालाही फुकट मिळते. लाटेचं गणित करणारं ‘हेक-रास’ हे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं सॉफ्टवेअरही फुकट. म्हणजे ज्याला वाईट करायचंय तो कच्चा नकाशा घरबसल्या काढेल. तो मिळणार नाही फक्त नदीकाठच्या शेतकऱ्याला, कारण त्याच्याजवळ ना हे सॉफ्टवेअर, ना तेवढा वेळ.

इथे ९ जून १९०८ चा ‘केसरी’ आठवतो. आदल्याच दिवशी सरकारने स्फोटकांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे केले होते. टिळकांचा मुद्दा असा, की तोफा-बंदुका काढून घेता येतात. बॉम्ब हे मूठभर ज्ञान आहे, ते कायद्याने माणसाच्या डोक्यातून काढता येत नाही. या आणि मे महिन्यातल्या लेखासाठी त्यांना सहा वर्षं मंडालेला धाडलं. बॉम्बची कृती छापावी असं मी म्हणणार नाही. पण पसरलेली माहिती परत गोळा होत नाही, हे शंभरावर वर्षांपूर्वी पुण्यात इतकं स्पष्ट लिहिलं गेलं होतं.

त्याच पुण्यात १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं. धरण अजून अपुरं होतं. जवानांनी रात्र जागवून वाळूची पोती रचली आणि फुटण्याची वेळ पुढे ढकलली. पानशेतच्या लोंढ्याने खालचं खडकवासला गेलं, आणि दुपारच्या आत पाणी शहरात शिरलं. फुटलं ते दिवसा, म्हणून कितीतरी जीव वाचले. पण पाणी आपल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढेल, हे नदीकाठच्या पेठांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. एका धरणाखाली दुसरं, ही रचना पूर्णेवरही आहे. येलदरी किंवा सिद्धेश्वर कमकुवत आहे, असं मी म्हणत नाही, आणि हे वाक्य लिहिणं माझं कर्तव्य आहे. आपत्तीची खोटी आवई उठवून घबराट पसरवणाऱ्याला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पावसाळ्यात ‘धरण फुटलं’ असा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला हे कलम माहीत असायला हवं.

माझं मत असं: पळायचं कुठे, हे सांगणारी माहिती उघडी हवी, फोडायचं कसं, हे सांगणारी बंद. बुडणाऱ्या क्षेत्राचा नकाशा पहिल्या प्रकारातला. दरवाज्यांच्या नियंत्रणाचे संकेत आणि आतल्या गॅलरीचे आराखडे दुसऱ्या. दोन्हींना एकाच ‘गोपनीय’ शिक्क्याखाली ठेवणं मला आळशीपणाचं वाटतं. माहिती अधिकार कायदा कलम ८ मध्ये सुरक्षेसाठी अपवाद ठेवतो, पण त्याच कलमात हेही म्हणतो, की नुकसानीपेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येईल. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणासाठी आणीबाणीचा कृती आराखडा बंधनकारक केला, जुन्या धरणांना पाच वर्षांची मुदत देऊन. अमेरिकेनेही २०२१ मध्ये लष्करी अभियंत्यांच्या धरणांचे बुडीत नकाशे लोकांसाठी खुले केले. त्याआधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाखालच्या सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घाईने हलवावं लागलं होतं.

माहिती उलट दिशेनेही वाहते, आणि तिथे आपण अधिक चुकतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडीतली घरं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, आणि स्वच्छ पाझर हा दोष नव्हे. तो गढूळ झाला, की समजावं, आतली माती कण-कण करून बाहेर निघाली आहे. हे ओळखायला पदवी लागत नाही. पायथ्याशी गुरं चारणाऱ्याला ते अभियंत्याच्या आधी दिसतं. पण आपलं घर त्या नकाशावर कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल, तरच तो रोज त्या पाण्याच्या रंगाकडे बघेल आणि पाणी गढूळ दिसताच कार्यालय गाठेल.