यांत्रिक झडप आणि गरोदरपण

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या स्त्रीला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. झडपेच्या परक्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरू शकते. ती पात्याजवळ अडकली तर झडप नीट उघडत-मिटत नाही. सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. भारतात अशा अनेक स्त्रिया तरुण असतात. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर आलेला ऱ्हुमॅटिक ताप हृदयाच्या झडपा खराब करतो आणि ऐन विशी-तिशीत शस्त्रक्रियेची वेळ येते.

गरोदरपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते, म्हणजे गोळीची गरज वाढते. पण वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोहोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तिच्यामुळे बाळाच्या नाकाच्या व इतर हाडांची वाढ बिघडू शकते. गर्भपाताचा आणि पुढे बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही राहतो. वॉरफेरिनची रोजची मात्रा ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर व्यंगाचा धोका बराच घटतो.

रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध, इंजेक्शनने दिले जाणारे हेपॅरिन, वार ओलांडत नाही, त्यामुळे बाळाला त्याची थेट इजा नाही. झडपेचे रक्षण मात्र ते वॉरफेरिनइतके भरवशाने करत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत यांत्रिक झडप असलेल्या २१२ गरोदर स्त्रिया होत्या. त्यांतल्या १० जणींच्या झडपेत गुठळी झाली. पाच जणींना ती पहिल्या तीन महिन्यांतच झाली, आणि त्या पाचही जणी गोळीवरून हेपॅरिनवर आलेल्या होत्या. पोटावर दिवसातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनची मात्रा फक्त वजनावरून ठरवून भागत नाही. महिने भरत जातात तशी ती बहुधा वाढवावी लागते, आणि त्यासाठी अँटी-टेनए ही रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. जिथे ही तपासणी होत नाही, तिथे या इंजेक्शनांवर विसंबणे धोक्याचे आहे. डॅबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्या तर या झडपांना चालतच नाहीत; डॅबिगाट्रानची यांत्रिक झडपांसाठीची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली होती.

म्हणून मात्रा कमी असेल तर गोळीच चालू ठेवणे, किंवा पहिल्या तिमाहीत इंजेक्शन व नंतर पुन्हा गोळी, असे मार्ग हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून निवडतात. ही निवड दिवस जाण्याआधीच व्हायला हवी. पाळी चुकताच घाबरून स्वतःहून गोळी बंद करणे सगळ्यात घातक. तातडीने डॉक्टरांना भेटावे, पण तोवर गोळी थांबवू नये. दम लागू लागला किंवा झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज दबला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

साधारण छत्तिसाव्या आठवड्यात गोळी बदलून हेपॅरिन देतात, कारण आईने गोळी थांबवली तरी बाळाचे रक्त आणखी काही दिवस पातळच राहते. गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या, तर बाळाच्या डोक्यावर दाब येऊ नये म्हणून सिझेरियन करतात. रुग्णालयात शिरेतून दिलेले हेपॅरिन प्रसूतीच्या चार ते सहा तास आधी थांबवतात आणि रक्तस्राव आटोक्यात आला की पुन्हा सुरू करतात. गोळी काही दिवसांनी परत येते. वॉरफेरिन आणि हेपॅरिन, दोन्ही चालू असताना बाळाला अंगावर पाजता येते. पुढच्या गर्भनिरोधनासाठी मात्र इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात, कारण त्यांनी गुठळीचा धोका वाढतो.