गल्ल्यातली चिल्लर आणि आजीचा रुपया

आमचं किराणा दुकान आहे. रात्री गल्ल्यातली चिल्लर मोजायचं काम माझं. मोजताना मी सालाखालची खूण बघतो. हिरा असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि खूणच नसली तर कोलकात्याचं.

एकदा २०१२ सालचं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं सापडलं. त्याचे लाखो रुपये येतात असं ऐकलं होतं. फोन केला तर पलीकडचा म्हणाला, "रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, आधी कमिशन भरा." अण्णा भरणारच होते! गुरुजींनी अडवलं. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण कमिशन घेतच नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. ते नाणं अण्णांनी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला सुट्टे म्हणून दिलं.

खरं मोल आजीच्या डब्यात निघालं. त्यात दोन जुने रुपये होते. गुरुजींनी लोहचुंबक लावलं. १९४७ चा वाघाचा रुपया टचकन चिकटला, कारण तो निकेलचा. १९१८ चा चिकटला नाही. पण पितळही चिकटत नाही, म्हणून सोनाराकडे नेला. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच.

मी तो चिंचेने घासायला घेतला, तर गुरुजींनी हातच धरला. घासलेल्या नाण्याला संग्रह करणारे कमी पैसे देतात म्हणे. आजीने रुपया परत डब्यात ठेवला. वाघ मात्र मला दिला.