सायकलच्या मुठीला दोरीचा वेढा



सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात सायकल हेही शेतीचं एक अवजारच आहे. मोटारसायकली कितीही वाढल्या, तरी वावरात डबा पोचवायला, दुधाची कॅन न्यायला आणि पोरांना शाळेत जायला सायकल लागतेच. तिची हवा आणि साखळी आपण बघतो. हॅन्डलच्या मुठींकडे मात्र लक्ष जात नाही. उन्हाने रबराची किंवा प्लॅस्टिकची मूठ तडकते, सैल होते आणि गोट्यांच्या रस्त्यावर धक्का बसताच हातात निघून येते.

मूठ गेली की नळीचं तोंड उघडं पडतं. पोर सायकलवरून पडलं आणि ते तोंड पोटात बसलं, तर बाहेरून नुसता गोल वळ दिसतो. आत मात्र यकृत, पानथरी किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. अशा पोराचं पोट दुखत असेल किंवा उलटी होत असेल, तर घरी लेप लावत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.

नवी मूठ मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली, तर थोड्या दोरीत पक्की मूठ घरीच तयार होते.

दोरी कोणती घ्यावी?

सुती दोरी सर्वांत चांगली. ती घाम शोषते, हाताला मऊ लागते आणि ओली झाली तरी कमजोर होत नाही. बारदानाची सुतळी फुकट मिळते, पण हाताला खरखरीत लागते आणि पावसात लवकर कुजते. घरच्या अंबाडीच्या वाखाची दोरी मजबूत असते; तिचीही कुसं टोचतात. नायलॉन कुजत नाही, मात्र ओल्या हातातून घसरतं. प्लॅस्टिकची सुतळी उन्हाने ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडतात, म्हणून ती वापरू नये.

किती लागेल?

साध्या सायकलच्या हॅन्डलची नळी साधारण २२ मिलिमीटर जाड असते. मुठीची लांबी १२ सेंटिमीटर धरली, तर ३ मिलिमीटर जाडीच्या दोरीचे ४० वेढे बसतात. एका वेढ्याला सुमारे ८ सेंटिमीटर दोरी जाते. म्हणजे एका बाजूला सव्वातीन मीटर झाली. टोकं धरून ४ मीटर घ्या. दोन्ही बाजूंना मिळून ८ मीटर पुरते. लहान पोराच्या हाताला २ मिलिमीटरची बारीक दोरी बरी. ती एका बाजूला ५ मीटर लागते.

कृती

१) बाजेची दोरी पावसात ताणते आणि वाळली की सैल पडते, हे आपण बघतोच. म्हणून दोरी रात्रभर पाण्यात भिजवा आणि दोन खुंटांना ताणून पूर्ण वाळवा. मग गुंडाळलेली दोरी सहसा सैल पडत नाही.

२) जुनी मूठ काढा. नळी साबणाच्या पाण्याने धुवा, गंज काचपेपरने घासा आणि कोरडी करा.

३) बाभळीची किंवा निंबाची खुंटी तासून नळीच्या तोंडात घट्ट ठोका. खुंटीचं डोकं नळीपेक्षा थोडं मोठं व गोलसर ठेवा. त्याने तोंड बंद होतं आणि दोरीही बाहेर सरकत नाही.

४) जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून नळीवर एक थर गुंडाळा. धक्के कमी लागतात व दोरी फिरत नाही.

५) ब्रेकच्या बाजूने सुरुवात करा. दोरीचं चार बोटं टोक नळीवर आडवं ठेवून त्याच्यावरूनच वेढे घ्या. प्रत्येक वेढा ओढून, आधीच्याला चिकटून बसवा.

६) शेवटचे आठ-दहा वेढे राहिले की बारीक मजबूत दोऱ्याचा फास वर ठेवा. फासाचं तोंड खुंटीकडे आणि मोकळी टोकं ब्रेककडे असावीत. उरलेले वेढे त्याच्यावरून घ्या, दोरीचं टोक फासात ओवा आणि फासाची टोकं जोराने ओढा. दोरीचं टोक वेढ्यांखाली जाऊन आवळतं. उरलेली दोरी कापून टाका. गाठ मारू नका; गाठ हाताला रुतते.

मग दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून बघा. मूठ जाड झाल्याने ब्रेकची दांडी आधीच अडत असेल, तर पट्टी काढा किंवा बारीक दोरी घ्या. सायकल उभी करून मूठ दोन्ही हातांनी पिळून बघा. जरा जरी फिरली तरी पुन्हा बांधा. विळ्याची आणि खुरप्याची मूठही याच रीतीने बांधता येते.

फवारणीच्या दिवसांत विशेष काळजी

दोरी घाम शोषते, तसंच औषधही शोषते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रोफेनोफॉससारखी औषधं नाकातोंडाबरोबर कातडीतूनही अंगात जातात. फवारणी करून तसेच हात मुठीला लावले, तर औषध दोरीत मुरतं. संध्याकाळी तीच मूठ घरचं पोर धरतं आणि त्याच हाताने भाकर खातं.

म्हणून फवारणी झाल्यावर वावरातच साबणाने हात धुवा, कपडे बदला आणि मगच सायकलला हात लावा. पाणी आणि साबण सकाळी सोबतच न्या. औषधाचा डबा हॅन्डलला लटकवू नका. दोरीवर औषध सांडलंच, तर ती धुऊन वापरू नका. हातमोजे घालून कापून काढा, घरापासून, विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर पुरा आणि नवी बांधा. पोरांच्या सायकलवर फवारणीला जाऊच नये हे सर्वांत बरं.

फवारणीनंतर मळमळ, चक्कर, जास्त घाम, लाळ किंवा अंधुक दिसणं असा त्रास झाला, तर त्या माणसाला सायकल चालवू देऊ नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन त्याला ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

दर वर्षी मृगाच्या आधी आणि फवारणीचा हंगाम संपल्यावर, अशी दोन वेळा दोरी तपासा. काळी, चिकट किंवा सैल झालेली दोरी बदलून टाका.